कर्ण्यातली घरघर

बेंबळीत लग्नाला कर्णा लावायचा तो मच्छिंद्रनंच. दुष्काळाच्या साली पुतणीच्या लग्नात त्यानं आवाज पार चढवला होता. आटलेल्या विहिरीत पाण्याला उतरलेली त्याची बायको चांगुणा दरड कोसळल्यावर किती हाका मारत राहिली, कुणाला कळलंच नाही.

तेव्हापासून ॲम्प्लिफायर घरघरायला लागला.

रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह, म्हणजे मागची काचेची नळी, गेला असंल म्हणून आज भर दुपारी त्यानं तो बदलला. घरघर तशीच राहिली, पण तिच्यामागं कुणी तरी बोलत होतं. माईक तर पेटीत होता. त्यानं दुसरा जुना व्हॉल्व्ह बसवला, तसा आवाज जवळ आला.

"आवो, जरा कमी करा की."

दर लग्नात ती हेच म्हणायची, आणि तो हसून बटण आणखी पुढं फिरवायचा. आज त्यानं बटण पार मागं फिरवलं. तरी तेच. शेवटी बोटं भाजली तरी त्यानं व्हॉल्व्हच उपसून काढला. त्याच्याशिवाय मशीन मुकं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरघर थांबली.

त्या शांततेत कर्ण्यातून चांगुणानं हळूच विचारलं, "आवो, आता येतंय का ऐकू?"