समोरासमोर

"सूनबाई, घरात देव आहेत, आवाज चढवायचा नाही," असं सासूबाईंनी सांगितलं होतं, ते मी आजवर पाळलं. अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर यांचे कान पार गेले, तरी मी हळूच बोलते. हे माझ्या ओठांवरून सगळं ओळखतात.

भरपाईच्या अर्जावर कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेले. कान तपासायचं मशीन बंद होतं, म्हणून त्यांनी यांना समोर बसवून विचारलं, "काका, राहता कुठे? जेवलात का?"

"बदलापूरला, साहेब. आज हिचा उपास, म्हणून मीही चहावरच आहे."

डॉक्टर हसले. "काका, तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं!"

मी ओठांचं सांगायला गेले, तर म्हणाले, "ताई, तुम्ही मध्ये बोलू नका."

अर्ज नामंजूर झाला.

आज यांच्या शेजारच्या प्रेसवरच्या विलास गायकरांच्या कानांची तपासणी आहे. सोबत येतो, असा शब्द यांनी दिला होता. सकाळी यांनी चपला घातल्या.



"विलासला सांगतो," दारातून हे म्हणाले, "डॉक्टर बोलायला लागले की डोळे मिटून घे."