दीपगृहाच्या वाटेवर

“जहाज मागं वळवावं लागेल,” कप्तान म्हणाला, आणि तनुजाच्या हातातला चहा बशीत सांडला.

समोर समुद्र शांत होता. तास-दीड तासात खडकावरचं दीपगृह दिसणार होतं. ही सहलच त्यासाठी काढलेली. जहाज लहानसं, दहा-बारा खोल्यांचं, आणि सगळे प्रवासी एकाच शाळेचे. पडेगावात द्वारकाबाईंच्या वर्गात शिकलेले, आणि आता स्वतःच्या लेकरांचे अभ्यास घेणारे.

बाई दर वर्षी फळ्यावर दीपगृह काढायच्या. खाली लाटा, मध्ये खडक, वर दिवा. एकदा कडूबानं विचारलं होतं, “बाई, तुम्ही खरं पाह्यलंय का हे?”

“नाही रे,” बाई हसल्या होत्या. “मी समुद्रसुद्धा पाहिला नाही. तू मोठा झालास की पाहून ये आणि मला सांग.”

कडूबा मोठा झाला, त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला. एक दिवस तोच तनुजाला म्हणाला, “सांगायचं कशाला? बाईंना घेऊनच जाऊ की.” तनुजानं वर्षभर खपून साऱ्यांना जमवलं. पावसाळ्याआधीची ही शेवटची फेरी होती. पुढची थेट दिवाळीनंतर, आणि बाईंचे गुडघे तोवर दम धरतील असं त्यांचा डॉक्टरही म्हणत नव्हता. आत्ता बाई पार पुढं, जहाजाच्या टोकाशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पायांत नवे पांढरे बूट. वाऱ्यात त्यांना मागचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना हे सांगायचं कुणी?

“काय बोलायलात, कप्तानसाहेब?” कडूबा उसळला. “इंजिन ठणठणीत हाय, समुद्र शांत हाय. मागं कशापायी?”

“पाणी.” कप्तान रत्नागिरीकडचा, मोजकं बोलणारा. “रात्री आम्ही पंप बंद ठेवतो. पहाटे चालू केला, आणि चहाला उकळी येईस्तोवर गोड्या पाण्याची टाकी निम्म्यावर आली. तेवढ्या वेळात कुणी आंघोळही केलेली नाही. म्हणजे पाइप फुटलाय. पाणी जहाजाच्या पोटात साठत असेल, तर मी पुढं नेणार नाही.”

“मंग शोधा की कुठं फुटलाय!” सुकेशनी म्हणाली. दवाखान्यात नर्स असल्यानं तिला कुणालाही कामाला लावायची सवय होती.

“शोधलं. सापडत नाही. म्हणूनच काळजी.”

तनुजाच्या खोलीत बादली भरलेली होती. आंघोळीचा मग भरलेला होता. थर्मास भरलेला होता. कचऱ्याचा डबा घासूनपुसून तोही भरलेला होता.

पहाटे अर्धवट झोपेत तिला हाक ऐकू आली होती, “नळ आलेऽऽ!” पाठोपाठ पाइपातली ती ओळखीची गुरगुर. घरी आठवड्यातून एकदा नळ येतो, तेव्हा तिचे पाय डोळ्यांच्या आधी जागे होतात. तसेच ते आजही झाले. सगळं भरून झाल्यावर खिडकीबाहेर समुद्र दिसला, आणि ती स्वतःशीच ओशाळली. स्वप्न पडलं असणार. कुणाला बोलायची सोय नव्हती. काल जहाजावर चढताना बाईंनी साऱ्यांना ओळीत उभं करून बजावलं होतं, “इथं शहाण्यासारखं वागायचं. आपल्या गावाला कुणी हसता कामा नये.”

पण एका खोलीतल्या पाण्यानं टाकी निम्म्यावर येत नाही. तनुजानं कडूबाकडं पाहिलं. तो आपल्या चपलांकडं पाहत होता.

“कडूबा?”

“काय नाय.”

“कडूबा!”

“व्हय, भरलाय एक कॅन,” तो पुटपुटला. “घरूनच आणलाय. टेम्पोत असतोच ना, सवयीनं उचलला.”

“जहाजावर पाण्याचा कॅन?” सुकेशनी फिस्सकन हसली, आणि एकदम तिचे कान लाल झाले.

तनुजा खुर्चीवर चढली. बाई टेबलावर छडी आपटायच्या, तसा तिनं चमचा बशीवर आपटला. “खरं सांगायचं. पहाटे पाणी कुणी कुणी भरून ठेवलंय? हात वर!”

आधी सुकेशनीचा हात वर आला. मग कडूबाचा. मग एकमेकांकडं चोरून बघत, एकेक करत, साऱ्यांचे.

कप्तान खाली गेला. त्यानं प्रत्येक खोली उघडून पाहिली. बादल्या, बाटल्या, डबे, एका जोडीनं तर रबरी पावसाळी बूटसुद्धा काठोकाठ भरलेले. त्यांच्यातल्याच इंद्रजीतच्या खोलीत त्याच्या मुलीची फुगवायची नाव होती. तीही तुडुंब. कप्तान वर आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं.

“पाइप शाबूत आहे,” तो म्हणाला. “चला पुढं!”

बाई नाश्त्यासाठी मागं आल्या, तोवर जहाजानं वेग धरला होता. सगळे कठड्याशी पोह्यांच्या बशा घेऊन उभे होते. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, आणि दूर, पाण्याच्या रेघेवर, एक पांढरा ठिपका उभा राहिला. बाई कठड्याला धरून त्याच्याकडं बघत राहिल्या.

“पण मला एक सांगा,” कप्तान पोहे खाता खाता म्हणाला. “सगळेच म्हणतात हाक ऐकली. पहाटे पहाटे ‘नळ आले’ म्हणून हाक मारली कुणी?”

“मी नाय बाबा,” कडूबा म्हणाला. “मी तर हाक ऐकूनच उठलो.”

“मीपण!” सुकेशनी म्हणाली. “कोण, कशाला, काय इचारलंच नाय. ताडकन उठून उभी ऱ्हायले.”

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. चाळिशी गाठलेली ही माणसं एका हाकेसरशी अशी उठून उभी राहतील, असा आवाज होता तरी कुणाचा?

तेव्हा बाईंनी, दीपगृहावरची नजर न काढता, हळूच हात वर केला.