बिनभोकाचा कोबी

तपासणीला साहेब येणार होते आणि शाळेच्या परसबागेतल्या कोबीची अळ्यांनी पार चाळण करून टाकली होती. वर्षभर मुलांना गांडूळखत आणि लसूण-मिरचीचा अर्क शिकवणाऱ्या बाईंना तीन दिवस धड घास गेला नव्हता. शेवटी रविवारी, शाळेत चिटपाखरू नसताना, त्या आल्या आणि चाळण झालेली वरची पानं खुडून वाफ्यांवर पंपभर विषारी औषध मारून गेल्या.

सोमवारी साहेब आले तेव्हा आतली नवी पानं कशी तुकतुकीत दिसत होती. मुख्याध्यापकांची छाती फुगली होती. बाईंचा मात्र पाय एका जागी ठरत नव्हता. हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली होती.

"फवारणी अजिबात नाही?" साहेबांनी विचारलं.

"नावालासुद्धा नाही," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

साहेबांनी खूश होऊन कोबीचं एक कोवळं पान तोडलं आणि समोरच उभ्या असलेल्या, सगळे जिला टिटवी म्हणत त्या चौथीतल्या मुलीपुढे धरलं. "मग खाऊन दाखव बघू. असंच, कच्चं."

 पान हिसकावून घ्यायला बाई झटकन पुढे सरसावल्या. टिटवीने पान उलटंसुलटं केलं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि साहेबांच्या हातात परत दिलं.


"हे नको. ज्याला अळी तोंड लावत नाही ते आपणही खायचं नाही, असं आमच्या बाईंनीच शिकवलंय."