जास्तीच्या दोन गोळ्या

जावयाच्या साहेबाचा फोन मी घेतला, ऐकला आणि लेकीला काही न सांगता आधी औषधाचा डबा उघडला. जावई विजेच्या खांबांवर चढणारा. मी त्याला माकड म्हणायचे आणि तोही खुशाल शेपटी असल्यासारखा मागे हात फिरवायचा. आज तो खांबावरून पडून जागीच गेला होता. पण लेकीला हे एकदम सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं, कारण नुसतं बोलून मला कळणार नाही असं त्यांना वाटलं: दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. ताप आला, धक्का बसला की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात, त्यावर माणूस तग धरतो. माझ्या लेकीच्या ग्रंथी सुकल्यात. रोजची गोळी हाच तिचा रस, आणि मोठा धक्का असला तर जास्तीच्या दोन, नाहीतर ती उभ्याउभ्या कोसळेल. ती मशीनवर अभ्रे शिवत होती. मी गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. "सकाळची झाली की माझी," ती म्हणाली, "तापही नाही." "घे म्हटलं ना. आईला उलट बोलायला तुला कुणी शिकवलं?" "तूच." मी हसले नाही. गोळ्या भिनल्या की सांगू, असं मी ठरवलं होतं. तिने माझ्या तळहाताकडे पाहिलं, मशीन थांबवलं, दोन्ही गोळ्या गिळल्या, पेला रिकामा केला. "आता सांग," ती म्हणाली, "ह्यांना काय झालं?"