पेन्सिलीच्या फुल्या

माझा धंदा साप पकडायचा, म्हणून आमच्या अण्णांनी तीन वर्षं माझ्याशी अबोला धरलेला. मी साप चावून दवाखान्यात पडलो, तेव्हा घरात उबवायला ठेवलेली सापाची अकरा अंडी मात्र त्यांनीच आपणहून सांभाळली. घरी आलो तर म्हातारा अंड्यांचा डबा छातीशी धरून दारात उभा. "रोज न चुकता उलटवलीत बरं का! जन्मभर कोंबड्या पाळल्यात, मला नको शिकवू." कोंबडीचं अंडं उलटवावं लागतं, सापाचं उलटवलं की आतलं पिल्लू मरतं; म्हणून मी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारतो. एकही फुली वर नव्हती. "झकास, अण्णा," म्हणालो. ते झोपल्यावर एक फोडून बघितलं, मग सगळीच पुरली. उठल्यावर सांगितलं, "पिल्लं निघाली, सोडून दिली." म्हातारा रिकाम्या डब्याकडे बघत राहिला. "एक पिल्लू तरी दाखवायचंस की रे मला."