शेवटच्या शब्दापासून

बाबांनी निबंधाचं दुसरं पान समोर घेतलं, शेवटच्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. उलटी. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे.

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला, पण ऐकू जाणार नाही असा.

छापखान्याची इंग्रजी प्रूफं ते वीस वर्षं अशीच तपासत आले होते. अर्थ लागला की डोळा पुढे धावतो आणि चुका हातावर तुरी देतात, म्हणून अर्थच लागू द्यायचा नाही. लेकीचा सगळा भरवसा या उलट्या गंगेवर होता. कॉलेजच्या प्रवेशासाठीच्या या इंग्रजी निबंधात, तिसऱ्या परिच्छेदात, तिने लिहिलं होतं की माझ्या वडिलांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. ते दुपारी आडवे झाले की मी चोरून त्यांची प्रूफं पुन्हा तपासते आणि राहिलेल्या चुका दुरुस्त करते. निबंध उद्या पाठवायचा होता. बाबांना दाखवला नसता तर ते रुसले असते. दाखवला आणि त्यांना कळला, तर? त्या ‘तर’च्या वाटेला ती गेलीच नव्हती.

“डेफिनेटली,” बाबा म्हणाले. “यात ‘ए’ कुठून आला, बाईसाहेब?”

“पाहुणा आहे.”

“वाटेला लावा त्याला.”

आणखी दोन पाहुणे वाटेला लागले. पट्टी चढत चढत पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीला पोचली. लेकीने कागद घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी मागे टाचलेली चिठ्ठी उलगडली होती. ती लेकीनेच टाचली होती, हौसेने. ‘नेहमी चुकणारे शब्द. चुकीच्या शब्दांमुळे निबंध बाद होऊ शकतो.’

“ते असंच आहे. शाळेत सगळ्यांना दिलंय.”

“असंच कसं? स्पेलिंग बरोबर आणि शब्दच भलता, हे उलटं वाचून सापडत नाही. सुलटं वाचावं लागणार.”

“नको बाबा. मी बघितलंय सगळं. दोनदा.”

“स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ स्वतःला दिसत नसतं,” म्हणत ते खुर्ची घेऊन खिडकीशी सरकले.

तिचं अक्षर चांगलं टपोरं होतं. एरवी तिला त्याचा कोण अभिमान.

पहिल्या परिच्छेदात ‘इफेक्ट’च्या जागी ‘अफेक्ट’ बसला होता, त्याला उठवलं. दुसऱ्यात हरवण्याऐवजी सैल होणारा ‘लूस’ निघाला. मग तिसरा आला आणि पेन्सिल थांबली.

ती टेबलाच्या कडेचा उडालेला रंग नखाने खरवडत बसली.

पेन्सिल पुन्हा चालू लागली. चौथा परिच्छेद झाला, शेवट झाला. मग बाबा मागे वळून तिसऱ्याकडे आले आणि त्यांनी एक शब्द खोडला. एकच.

“सीक्रेटली. हा काढ.”

“स्पेलिंग चुकलं?”

“स्पेलिंग बरोबर आहे. वापर चुकलाय. चोरून म्हणजे, ज्याची वस्तू त्याला पत्ताच नसताना.”

तिने मान वर केली. बाबा सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.

“तुम्हाला कधीपासून माहितीये?”

“पहिल्या दिवसापासून. माझी पेन्सिल कागदावरून चालते. तुझी नांगरत जाते.”

तिला हसू आलं.

“मग तो अख्खा परिच्छेदच काढू का?”

“का? त्यात आता चूक कुठे आहे?” बाबांनी निबंध तिच्याकडे दिला. “स्वच्छ लिहून काढ. आणि बस इथेच.”

त्यांनी छापखान्यातून आलेल्या नव्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. पानं चाळत चाळत तळटीपांची, मुंग्यांसारख्या अक्षरांची पानं तेवढी वेगळी काढली, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवली.