नऊ चुलींची गल्ली

“ज्याचं उत्तर ओठावर तयार असतं ना पोरी, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी न सांगता जा.”

प्राध्यापक बोअहेन वर्गात हे बोलले त्याला नऊ-दहा वर्षं झाली. ते आता नाहीत. त्यांचा आवाज मात्र मंगळवारी सकाळीच कोनादुच्या कानाशी येऊन बसला, आणि ती न सांगता बिरागोच्या छपरापाशी पोचली.

चूल थंड. काल इथेच नऊ बाया कसाव्याचे कंद किसत होत्या, किसाची पोती पिळत होत्या, पसरट कढईत त्याचा रवा, म्हणजे गारी, भाजत होत्या. आज कढई पालथी, आणि दाराला दोरी.

भराभर वाढणारे छोटे धंदे, हा कोनादुचा विषय. कुमासी शहराबाहेरच्या या गल्लीत नऊ बायांचे नऊ गारीधंदे होते. दोन वर्षांपूर्वी तिने प्रत्येकीला फोनवर विचारलं होतं, तुमच्याकडे कामाला किती जणी? प्रत्येकीने सांगितलं, मी एकटीच. यंदा पुन्हा फोन केला तर प्रत्येकीचं उत्तर नऊ. नऊ नव्वे एक्याऐंशी! प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण या गल्लीवर उभं होतं. ते पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं, आणि शेवटची खातरजमा म्हणून ती काल पहिल्यांदाच इथे आली होती.

धुराच्या मागाने ती चालत गेली. तिसरं छप्पर पोकुआचं.

“या या, मॅडम!” पोकुआ हात पुसत पुढे आली. “आमच्याकडे तर तुम्ही दुपारी येणार होतात.”

“किती जणी आहेत तुमच्याकडे?”

“नऊ. मोजा की.”

“मोजल्यात. काल, बिरागोमावशींच्या छपरात.”

चाळण्या थांबल्या.

“धुरात सगळ्याच बाया सारख्या दिसतात हो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तुमचा पुढचा दात कालही नव्हता,” कोनादु म्हणाली.

हसण्याची एकच लाट उठली. बोळकीवाली सर्वांत मोठ्याने हसली. कोनादु हसली नाही. तिच्या मनात गल्लीतली दारं एकेक करून बंद होत होती.

“मोजणीपुरत्या बाया उसन्या आणता? अख्ख्या गल्लीने मिळून मला बनवलंत. नऊही नावं खोडते मी.”

“खोटं कुठे बोललो?” पोकुआचा आवाज चढला. “तुम्ही विचारलंत, कामाला किती? या बघा नऊ. सोमवारी बिरागोकडे, मंगळवारी माझ्याकडे, बुधवारी या बोळकीकडे. शेतावर नोबोआ करतात, तशी चुलीवर. आज माझी पाळी, उद्या तिची.”

नोबोआ, म्हणजे शेतावरची सावड, कोनादुने लहानपणी पाहिली होती. चुलीवरही सावड असेल, हे तिच्या प्रश्नांत कुठेच नव्हतं. एक्याऐंशी बाया तिच्या डोळ्यांदेखत धुरात विरल्या आणि नऊ उरल्या.

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर नऊ धंद्यांचा एक धंदा झाला असता. मग तुम्ही विचारलं असतं, मालकीण कोण? आम्ही एकदा पोळलोय, मॅडम. मागे पिळायचं यंत्र देणारे आले होते. त्यांच्या कागदावर नावाला एकच रेघ. त्या दिवशी शहरात बिरागो गेली होती, म्हणून तिचं नाव पडलं. तिचा काय दोष? यंत्र तिच्या अंगणात उतरलं, नि आम्ही आठजणी तिच्याकडे रोजावर. वर्षभरात एकमेकींची तोंडं बघेनाशा झालो. यंत्र गंजलं. जी ती आपापल्या चुलीला.” तिने मान वळवली. “पुन्हा दारोदार फिरली तीही हीच. सुरी घेऊन यायची आणि म्हणायची, आज तुझा कसावा सोलते.”

बिरागो कढईपाशी पाठमोरी होती. तुंब्याच्या तुकड्याने गारी परतत होती, खालून वर, खालून वर.

गटांना यंत्रं देणाऱ्यांचे कागद कोनादुने ढिगाने वाचले होते. एकाच रेघेचा तिने कधी पाहिला नव्हता. तिने त्या पाठीकडे पाहिलं.

तिने आपला कागद उलटा केला. प्रकरण तर मोडलंच होतं. निदान खरं काय ते लिहावं.

“हे बघा,” ती म्हणाली, “एक धंदा आणि नऊ मालकिणी. असं माझ्या एकाही तक्त्यात बसत नाही. पण मी लिहिणार.” गुडघ्यावर वही ठेवून तिने एकाखाली एक नऊ रेघा मारल्या.

बाया भोवती गोळा झाल्या. बोळकी म्हणाली, “माझं नाव नीट लिहा हं, दाताचं लिहू नका.” पोकुआने कोनादुच्या हातातून पेन घेतलं आणि कढईकडे धरलं. “तू वयाने मोठी, बिरागो. तुझं आधी.”

बिरागोचा हात थांबला. कढईतली गारी खालून करपू लागली, तरी तो हलला नाही.

“माझं शेवटी,” ती म्हणाली. “द्यायचं असलं तर.”

“म्हणजे?”

ती वळली. कोनादुकडे तिने पाहिलंच नाही. आठ तोंडांवरून एकेक करत तिची नजर फिरली.

“यंत्रवाल्यांच्या त्या कागदावरही नऊच रेघा होत्या. आठ कोऱ्या सोडून मी तो परत दिला.”